शरीरक्रियाशास्त्राचे पेपर सोलापूरच्या गोठ्यात कसे वाचावेत?

मोहोळ तालुक्यातल्या एका तरुणाचा प्रश्न आहे. तो पशुवैद्यकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. घरी डझनभर एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गाई, दोन-तीन पंढरपुरी म्हशी, आणि मामांची सांगोल्याकडे मेंढरं. पशुशरीरक्रियाशास्त्रातल्या एका नावाजलेल्या शास्त्रज्ञाची प्रकाशनांची यादी त्याने वाचली. दोनशेच्या वर पेपर: उष्णतेचा ताण, संप्रेरकं, जनुकं, गाभणकाळ; गाई, म्हशी, मेंढ्या, मध्येच उंदीर आणि मासेसुद्धा. तो विचारतो, एवढ्या कामाचं मोल ठरवायचं कसं आणि त्यातलं आमच्या गोठ्याला काय लागू पडतं ते ओळखायचं कसं? याच जिल्ह्यात जनावरांच्या दवाखान्यात उमर गेली, त्या अनुभवावर सांगतो.

यादी लांब आहे म्हणून दिपून जाऊ नका आणि लांब आहे म्हणून नाकही मुरडू नका. या विषयात पेपर एकट्याचा नसतो. दिवसातून चार वेळा गुदद्वारात थर्मामीटर लावणारा पीएचडीचा विद्यार्थी, रक्ताचे नमुने तपासणारे, आहाराचं गणित बघणारा, आकडेमोड करणारा, अशी पाच-सात नावं असतात. शिवाय एका उन्हाळ्यात एका कळपावर केलेल्या एकाच प्रयोगातून श्वासाच्या गतीवर एक, कॉर्टिसोल या ताणाच्या संप्रेरकावर दुसरा, जनुकांवर तिसरा असे पेपर निघतात. त्यात काही गैर नाही, पण मोजताना पेपर मोजू नका, प्रयोग मोजा. संस्था तीच, महिने तेच, जनावरांची संख्या तीच, म्हणजे प्रयोगही बहुधा तोच. असं चाळून घेतलं की दोनशेचे तीस-चाळीस होतात, आणि तीस-चाळीस नीट केलेले प्रयोग ही एका आयुष्यातली भरभक्कम कमाई आहे.

२००५ मध्ये हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने सुचवलेला एच-इंडेक्स आजकाल सगळेच बघतात. इतर संशोधकांनी हे काम किती वापरलं, एवढंच तो सांगतो. तुमच्या गाईला तो काही सांगत नाही.

उंदीर आणि मासे बघून बिचकू नका. उष्णता वाढली की पेशी स्वतःला सावरायला खास प्रथिनं बनवते. त्यांचा पहिला माग लागला १९६२ मध्ये, फळमाशीच्या अळीत, इटलीच्या रितोस्सा यांना. माशीपासून म्हशीपर्यंत ही यंत्रणा जवळजवळ सारखीच आहे. म्हणून शास्त्रज्ञ सोयीचा प्राणी घेतो. मात्र ‘अमुक जनुकाची अभिव्यक्ती इतक्या पटीने वाढली’ एवढंच सांगणारे पेपर तुम्ही सध्या बाजूला ठेवा. त्यांचा उपयोग आहे, पण दावणीपर्यंत यायला त्यांना अजून बराच पल्ला आहे.

मी पेपर उघडला की सारांशाच्या आधी ‘साहित्य व पद्धती’ वाचतो. जनावर कोणत्या जातीचं, किती दुधाचं, व्यायल्यापासून कितव्या महिन्यात? ताण किती दिवस दिला? उन्हात बांधून की बंद खोलीत तापमान वाढवून? गटात सहा जनावरं होती की साठ? आणि शेवटी मोजलं काय: रक्तातला एखादा घटक, की बादलीतलं दूध आणि गाभण राहिलेल्या गाई? एवढं कळलं की पेपर निम्मा वाचून झाला. माझं धोरण सरळ आहे. परक्या गोठ्यातला आकडा उचलायचा नाही, त्या आकड्यामागचं कारण उचलायचं.

उदाहरण म्हणून उष्णता-आर्द्रता निर्देशांक, म्हणजे टीएचआय घ्या. मुळात हे सूत्र १९५९ मध्ये माणसाची अस्वस्थता मोजायला बनलं. नंतर अमेरिकेत मिसुरीला ते गाईंना लावलं आणि ७२ च्या पुढे दूध घटतं असा दंडक पडला. त्या काळच्या गाई दिवसाला पंधरा लिटरच्या आसपास होत्या. पुढे २००९ मध्ये ॲरिझोनाच्या गटाने जास्त दुधाच्या गाईंसाठी तो ६८ वर आणला, कारण दूध जास्त म्हणजे आत तयार होणारी उष्णता जास्त. आता तुमच्या गाई पंधरा-अठरा लिटरच्या. त्यांना जुनाच आकडा जास्त जवळचा आहे. नवा पेपर म्हणजे आपल्याला लागू पेपर, असं नसतं.

सोलापूरचं गणित करून बघा. मे महिन्याची दुपार, तापमान ४१ अंश सेल्सिअस, आर्द्रता २० टक्के: टीएचआय जवळपास ८५. रात्री २६ अंश आणि ५० टक्के धरलं तरी ७३. म्हणजे रात्रीसुद्धा गाय उंबरठ्याच्या खाली येत नाही. लोकांच्या लक्षात न येणारी गोष्ट पुढेच आहे. पावसाळ्यात ऊन पडलेली दुपार, ३२ अंश आणि ६० टक्के आर्द्रता, तरी टीएचआय ८२ च्या पुढे. आपल्याकडे मृग बरसला की फॅन उतरवून ठेवतात, ‘आता काय उन्हाळा संपला’ म्हणून. गाईचा उन्हाळा संपलेला नसतो. उलट मे महिन्याच्या कोरड्या हवेत अंगावरचं पाणी झटकन उडून अंग गार होतं, जुलैच्या दमट हवेत ते तसंच राहतं. म्हणून बंदिस्त, बुटक्या शेडमध्ये बसवलेले फॉगर पावसाळ्यात फायद्यापेक्षा तोटाच करतात. बारीक तुषार केसांवर बसतात, कातडीपर्यंत जातच नाहीत, आणि शेडमधली हवा आणखी दमट होते. इस्राएलमधल्या प्रयोगांत तीस सेकंद अंग पूर्ण भिजवायचं आणि मग साडेचार मिनिटं नुसता पंखा, असं अर्धा-पाऊण तास, दिवसातून अनेकदा केलं. तिथला मिनिटांचा हिशेब जसाच्या तसा घ्यायची गरज नाही. पाणी कातडीपर्यंत जावं आणि ते वाऱ्याने उडावं, हे त्यातलं कारण. तुमच्याकडे धुण्याचा पंप आणि दोन मोठे पंखे असतील तर ते घरच्या घरी जमतं.

टीएचआय ऊन मोजत नाही, हेही ध्यानात असू द्या. डोक्यावर तापलेला पत्रा असेल तर तो वरून भाजतो, आणि सूत्रात त्याला जागाच नाही. त्यासाठी काळ्या गोळ्यातलं तापमान घेणारा वेगळा निर्देशांक १९८१ पासून आहे. साध्या भाषेत सांगायचं तर पत्र्यावर उसाचं पाचट टाका किंवा चुना मारा. ऊसपट्ट्यात पाचट बांधावर जाळून टाकतात आणि खालच्या गाई भाजून निघतात, याचं मला कायम नवल वाटतं.

आता मला सगळ्यात जास्त आवडणारा प्रयोग. उन्हाळ्यात गाय कमी खाते आणि दूध कमी देते, तेव्हा कमी खाल्लं म्हणून दूध घटलं, असं वर्षानुवर्षं मानलं जायचं. ॲरिझोनात लान्स बॉमगार्ड आणि सहकाऱ्यांनी दोन गट केले. एक गट गरम खोलीत, त्याला हवं तेवढं खाऊ दिलं. दुसरा थंड खोलीत, पण त्याला मोजून तेवढंच दिलं जेवढं पहिल्या गटाने खाल्लं होतं. दोघांचं पोट सारखंच भरलेलं, फरक फक्त उष्णतेचा. खाणं कमी झाल्यामुळे झालेली दुधाची घट एकूण घटीच्या निम्मीसुद्धा भरली नाही. उरलेली उष्णतेने शरीराचं रसायनच बदलल्यामुळे होती. थंडीतली अर्धपोटी गाय अंगावरची चरबी जाळते आणि ग्लुकोज कासेसाठी राखते. गरमीतल्या गाईच्या रक्तात इन्सुलिन चढलेलं राहतं, चरबी हलत नाही, आणि कासेच्या वाट्याचं ग्लुकोज बाकीचं शरीर वापरतं.

गोठ्यात याचा अर्थ काय, ते बघा. एप्रिलमध्ये दूध उतरलं की आपल्याकडे पहिला उपाय म्हणजे सरकी पेंडीची किंवा मक्याच्या भरड्याची पाटी वाढवणं. गाय आधीच धापा टाकतेय. धापेबरोबर कार्बन डायऑक्साइड उडतो, रक्त अल्कधर्मी होतं, ते सावरायला मूत्रपिंडं बायकार्बोनेट बाहेर टाकतात, आणि लाळ तोंडावाटे गळून जाते. पोटातलं आम्ल मारायला जी लाळ हवी, तीच तुटते. त्यात भरडा वाढला की पोट आंबतं, फॅट पडतं. प्रथिनं घटून एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) ८.५ च्या खाली गेला की संकलन केंद्रावर दर कापला जातो. म्हणून आधी गाय गार करा, मग खुराकाचं बघा. चारा पहाटे आणि रात्री टाका, कारण खाल्ल्यावर तीन-चार तासांनी पोटातली आंबवण्याची उष्णता शिखरावर असते. सकाळी नऊला भरपेट कुट्टी टाकली तर ते शिखर बरोब्बर दुपारच्या उन्हात येतं. खाण्याचा सोडा का देतात तेही यातूनच कळतं. गाईच्या घामातून सोडियमपेक्षा पोटॅशियम जास्त जातं, त्यामुळे नुसत्या मिठाने भागत नाही, हा धडाही शरीरक्रियाशास्त्राचाच.

दुसरा धडा आटलेल्या गाईचा. आपल्याकडे गाभण गाय आटवली की ती शेडबाहेर जाते. दूध नाही, मग पंखा कशाला? बांधावरच्या बाभळीला दावं, पुढे कडबा आणि उसाचे वाढे (शेंडे). फ्लोरिडा विद्यापीठात जेफ्री डाल यांच्या गटाने वर्षानुवर्षं हेच तपासलं: शेवटच्या दीड महिन्यात काही गाई गार ठेवल्या, काही तशाच. व्यायल्यावर दोन्ही गटांना सारखीच वागणूक. तरी गरमीत राहिलेल्या गाई पुढच्या वेतात दिवसाला चार-पाच लिटर कमी भरल्या. आकडा त्यांच्या भारी गाईंचा आहे, तुमच्याकडे तो लहान असेल. कारण मात्र तेच राहील: कासेतल्या जुन्या पेशी जाऊन नव्या याच काळात तयार होतात, आणि उष्णतेत त्या पुरेशा वाढत नाहीत. वासरंही कमी वजनाची झाली, चिकातली प्रतिकारद्रव्यं त्यांच्या आतड्यातून कमी शोषली गेली, आणि त्यांतल्या कालवडी मोठ्या होऊन व्यायल्यावर स्वतःही दुधाला कमी निघाल्या. तुमच्या शास्त्रज्ञाच्या यादीत गाभणकाळातल्या ताणावर जे असेल, ते सगळ्यात आधी वाचा. वाढे एके वाढे चारू नका, हेही जाता जाता सांगतो. त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं, आणि व्यायला टेकलेल्या गाईला ते परवडत नाही.

आता गाई उलटण्याबद्दल, म्हणजे भरवूनही गाभण न राहता पुन्हा माजावर येण्याबद्दल. जून-जुलैत भरवलेली गाय उलटली की ‘डॉक्टर, कांडी (रेतनाची वीर्यनळी) खराब होती’ हे मी शेकडो वेळा ऐकलंय. फ्लोरिडातच पीटर हॅन्सन यांच्या गटाने दाखवलं की गर्भ पहिल्या दिवशी उष्णतेला सगळ्यात नाजूक असतो, तिसऱ्या दिवसापासून बऱ्यापैकी टिकाव धरतो. म्हणजे भरवल्यानंतरचे दोन दिवस गाय सावलीत, ओली आणि वाऱ्यात ठेवणं स्वस्तातला इलाज आहे. दुसरी बाजू जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातल्या कामातून कळली: आज फुटणारं बीज कित्येक आठवडे आधीपासून वाढत असतं, त्यामुळे उन्हाळ्यात मार खाल्लेली बीजं हवा गार झाल्यावरही गाभ धरू देत नाहीत. आपल्याकडे वर ऑक्टोबरचा चटका येतो. दिवाळीच्या आसपास गाई का उलटतात, याचं निम्मं उत्तर इथे आहे.

म्हशींच्या बाबतीत परक्या आकड्यांपासून जरा जपूनच. म्हशीला घर्मग्रंथी गाईपेक्षा खूप कमी, कातडी काळी, केस विरळ. उन्हात ती गाईपेक्षा लवकर तापते आणि पाण्यात लवकर निवते. गवळ्यांना हे पेपरशिवाय ठाऊक आहे. प्रश्न येतो माजाचा. म्हैस दिवस लहान होऊ लागले की माजावर येते, मेलाटोनिनमुळे, असं वाचाल, आणि ते खरं आहे. पण त्यातलं बरंच काम हरियाणातल्या हिस्सारच्या मुऱ्हा म्हशींवर किंवा इटलीत झालेलं आहे. हिस्सारला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान दिवस यांत पावणेचार तासांचा फरक पडतो, सोलापूरला साधारण दोन तासांचा. माझ्या मते आपल्या पंढरपुरीत उन्हाळ्यातल्या मुक्या माजाला (वरून न दिसणाऱ्या माजाला) दिवसाच्या लांबीपेक्षा ऊन आणि हिरव्या चाऱ्याचा तुटवडा जास्त जबाबदार असावा. तुमच्या म्हशींकडे रात्री दहाला आणि पहाटे चारला बघा, दिवसा हुडकू नका. या जातीवर शरीरक्रियेचं काम मुऱ्हाच्या मानाने थोडंच झालंय. एमव्हीएस्सीला, म्हणजे पुढच्या पदव्युत्तर शिक्षणाला, विषय शोधत असाल तर लांब जायला नको.

मामांच्या मेंढरांसाठी राजस्थानातल्या अविकानगरच्या केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेतलं काम बघा. वीरसामी सेजियन आणि सहकाऱ्यांनी मालपुरा मेंढ्यांवर उष्णता, कमी चारा आणि चाल हे ताण वेगवेगळे आणि एकत्र देऊन पाहिले. चालीच्या प्रयोगात मेंढ्या दिवसाला चौदा किलोमीटर चालवल्या होत्या. सांगोला-मंगळवेढ्याच्या मेंढपाळाला चौदा किलोमीटरचं काही विशेष वाटणार नाही. पण त्या कामाचा गाभा त्याच्या उपयोगाचा आहे: एक ताण मेंढी पेलते, दोन-तीन एकदम आले की तिचा साठा संपतो आणि वजन, माज, कोकरू, सगळ्यावर परिणाम होतो. ऊन आपल्या हातात नाही, चाल थोडीशी आहे, चारा बराचसा आहे. मामांना सांगा, मेंढे सोडायच्या आधीचे दोन-तीन आठवडे संध्याकाळी वाड्यावर मूठ-मूठ मका आणि बाभळीच्या शेंगा टाका.

शेजारच्या फलटणचं काम तर तुम्हाला माहीत असायलाच हवं. बी. व्ही. निंबकरांनी स्थापन केलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. चंदा निंबकर आणि सहकाऱ्यांनी दख्खनी मेंढीत जुळ्यांचं जनुक आणलं. दख्खनी मेंढी बहुधा एकच कोकरू देते. सुंदरबनातली गारोळ मेंढी अंगाने अगदी लहान, पण जुळी-तिळी देणारी. तिच्यात फेक-बी नावाचं जनुकरूप आहे. त्यामुळे अंडाशयातले पुटक (बीज ज्यांत वाढतं त्या पिशव्या) लहान आकारातच पक्व होतात आणि एका वेळी जास्त बीजं सुटतात. हेच रूप ऑस्ट्रेलियातल्या बुरुला मेरिनो मेंढ्यांतही सापडतं. अठराव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्याहून तिकडे गेलेल्या बंगाली मेंढ्यांबरोबर ते गेलं, असा अंदाज तिथल्या आनुवंशिकीतज्ज्ञ हेलन न्यूटन टर्नर यांनी बांधला होता. २००१ मध्ये नेमका बदल कोणत्या जनुकात आहे ते सापडलं, आणि २००२ मध्ये गारोळमध्ये तोच बदल असल्याचं डीएनए तपासणीत दिसलं. फलटणला गारोळचा संकर करून पुन्हा पुन्हा दख्खनीकडे वळवला, म्हणजे अंग दख्खनीचं राहावं आणि जनुक गारोळचं. रक्ताच्या तपासणीवरून मेंढे निवडले आणि मेंढपाळांच्या चालत्या कळपांत सोडून त्याचा हिशेब ठेवला. या जनुकरूपाची एक प्रत असलेल्या मेंढीकडून दर दोन वेतांमागे साधारण एक कोकरू जास्त मिळतं. ‘सुवर्णा’ या नावाने त्या मेंढ्या ओळखल्या जातात.

एका शास्त्रज्ञाच्या कामाचं मोल कसं करायचं, याचा मला तरी हाच नमुना वाटतो. अंडाशयात काय घडतं इथपासून मेंढपाळाच्या हातात काय पडलं इथपर्यंत धागा सलग आहे. मात्र मामांनी उद्याच मेंढा आणू नये. जुळी झाली तर मेंढीला दूध पुरलं पाहिजे, आणि पहिले काही दिवस तिला कळपाबरोबर मैलोन्‌मैल चालवता येणार नाही. घरी कोकरं सांभाळायला माणूस आणि थोडा खुराक असेल तरच जुळं फायद्याचं.

राहिलं त्या शास्त्रज्ञाला पत्र लिहायचं. बेधडक लिहा. पेपरवर संपर्क-लेखकाचा पत्ता त्यासाठीच असतो. ‘सर, मार्गदर्शन करा’ असं मोघम लिहू नका. जनावराची जात, कितवं वेत, व्यायल्यापासूनचे दिवस, रोजचं दूध, शेडची उंची आणि छप्पर लिहा. सोबत तुमची स्वतःची नोंद द्या: दुपारी अडीचला आणि रात्री दहाला प्रत्येक गाईच्या कुशीची हालचाल मिनिटभर मोजा आणि ताप घ्या. श्वास साठच्या पुढे आणि ताप १०२.५ फॅरनहाइटच्या वर म्हणजे ती गाय त्रासात आहे. दुपारी त्रासात आणि रात्री पूर्ववत असणाऱ्या गाई वेगळ्या लिहा, रात्रीही न उतरणाऱ्या वेगळ्या. उन्हाळ्याचे तीन महिने अशी वही ठेवलेल्या विद्यार्थ्याच्या पत्राला उत्तर येण्याची शक्यता पुष्कळ असते, कारण पंधरा-अठरा लिटरच्या संकरित गाईची शेतकऱ्याच्या शेडमधली अशी नोंद त्यांच्याकडेही फारशी नसते. वही मार्चच्या पहिल्या आठवड्यात सुरू करा, आणि आटलेल्या गाई बाभळीखालून शेडमध्ये त्याच्याही आधी आणा.